पटकीचे विष आणि मीठ-साखरेचे पाणी

सकाळी धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळपर्यंत दगावावा, असा पटकीचा लौकिक होता. या रोगात जुलाबांवाटे शरीरातील पाणी व क्षार इतक्या वेगाने निघून जातात की डोळे खोल जातात, कातडी सुरकुतते आणि नाडी हातास लागेनाशी होते. हे घडते तरी कसे? या प्रश्नाचा शोध घेता घेता एक अत्यंत स्वस्त औषध मनुष्याच्या हाती आले.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ साली इजिप्त व कलकत्ता येथे संशोधन करून पटकीचा स्वल्पविरामासारखा दिसणारा जंतू ओळखला. हा जंतू विष निर्माण करीत असावा, असे अनुमानही त्यांनी केले. परंतु पुढे सुमारे पाऊणशे वर्षे ते विष कोणास सिद्ध करून दाखविता आले नाही. जंतू मेल्यावर त्याच्या शरीरातून विष बाहेर पडते व आतड्याचे अस्तर नष्ट होते, अशी पुष्कळांची समजूत होती.

सशाच्या आतड्यातील प्रयोग

शंभुनाथ डे (१९१५-१९८५) हे लंडन विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन १९४९ साली कलकत्त्यास परतले. जो रोग आतड्यात होतो, तो आतड्यातच पाहावयास हवा, असा सरळ विचार त्यांनी केला. सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यांनी त्यात पटकीचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने तट्ट फुगलेला आढळला. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला.

पुढे त्यांनी जंतू वाढविलेला द्रव गाळून पूर्णपणे निर्जंतुक केला व तोच आतड्यात सोडला. जंतू एकही नव्हता, तरी आतडे फुगले! जंतूने बाहेर टाकलेले विषच रोगास कारण आहे, हे अशा रीतीने १९५९ साली सिद्ध झाले.

ज्ञानातून औषध

हे विष आतड्यातील पेशींना मारीत नाही. त्यांच्या अंतर्गत व्यवहारात बिघाड करते. त्यामुळे पेशी क्षार बाहेर सोडीत राहतात आणि क्षारांमागोमाग पाणीही वाहून जाते. परंतु ग्लुकोज व मीठ यांना एकत्र आत घेण्याची पेशींची शक्ती पटकीतही शाबूत असते. तेव्हा दोन्ही योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून पाजल्यास पाणीही त्यांच्याबरोबर शरीरात शिरते. डाक्का येथे १९६८ साली रुग्णांवर याची प्रचीती आली.

खरी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशच्या युद्धामुळे निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथे पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या तयार करविल्या. त्यांचे पाणी आप्तांनीच रुग्णांना पाजले. शंभरांतील सुमारे तीस रोगी जेथे दगावत होते, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात १३·५ ग्रॅम ग्लुकोज, २·६ ग्रॅम मीठ, २·९ ग्रॅम सोडियम सायट्रेट व १·५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालतात. यांपैकी एकही पदार्थ दुर्मिळ नाही. दुर्मिळ होते ते रोगाच्या रीतीचे ज्ञान; आणि ते मिळावयास कलकत्त्यातील एका प्रयोगशाळेत सशाचे आतडे व साधा दोरा यांची मदत झाली.