हातातली बाटली कशाची? दृष्टी मंदावलेल्यांना फोनचा आधार

उतारवयात दृष्टी मंदावली की वाचन सुटते, ही खंत सर्वांच्या बोलण्यात येते. त्याहून मोठी अडचण मात्र रोजच्या वस्तूंच्या ओळखीची असते. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि कानात घालायच्या थेंबांची बाटली हाताला सारखीच लागते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे सारखीच वाजतात. दात घासण्याची पेस्ट आणि सांधेदुखीचे मलम यांच्या नळ्यांतही स्पर्शाने फरक कळत नाही.

जन्मतः दृष्टिहीन असलेल्या व्यक्तीने लहानपणापासून स्पर्शाची शिस्त अंगी बाणवलेली असते. अनेकांना ब्रेल येते. वाशिम जिल्ह्यातील केकतउमरा येथील ‘चेतन सेवांकुर’ या दृष्टिहीन कलावंतांच्या वाद्यवृंदाने अशा शिस्तीची आणि जिद्दीची ओळख सर्वांना करून दिली आहे. परंतु काचबिंदूमुळे किंवा मधुमेहाने नेत्रपटलावर झालेल्या परिणामामुळे सत्तरीत दृष्टी गेलेल्या आजोबांजवळ ही पूर्वतयारी नसते. प्रत्येक वेळी सुनेला वा नातवाला हाक मारण्याचा त्यांना संकोच वाटतो. संकोचापोटी अंदाज केला जातो आणि अंदाज औषधाच्या बाबतीत महागात पडतो. हा संकोच कमी करण्याचे एक साधन आज बहुतेक घरांत आहे, ते म्हणजे कॅमेऱ्याचा मोबाइल फोन.

रेघांमध्ये काय दडलेले असते?

साबण, बिस्किटे, चहा अशा प्रत्येक वेष्टनावर काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांचा पट्टा असतो. हाच बारकोड. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय येथील दुकानात च्युइंगमचे पाकीट या पद्धतीने प्रथम वाचले गेले. दुकानदाराचे काम सोपे व्हावे म्हणून निघालेली ही युक्ती पुढे दृष्टिहीनांच्या उपयोगी पडली.

या रेघांत वस्तूचे नाव लिहिलेले नसते. तेथे केवळ एक क्रमांक असतो, बहुधा तेरा अंकी. आपल्याकडील पुष्कळ वस्तूंवर त्याची सुरुवात ८९० या अंकांनी होते. तो क्रमांक भारतातील संस्थेकडे नोंदवला असल्याची ती खूण आहे. फोन हा क्रमांक वाचतो, इंटरनेटवरील यादीत शोधतो आणि तेथे सापडलेले नाव मोठ्याने उच्चारतो.

मायक्रोसॉफ्टचे ‘सीइंग एआय’ हे विनामूल्य ॲप २०१७ मध्ये आयफोनवर आणि डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइड फोनवर आले. त्याच्या निर्मितीचे नेतृत्व साकिब शेख या दृष्टिहीन अभियंत्याने केले. वस्तू ओळखण्याचा भाग उघडून कॅमेरा फिरवला की बारकोड जवळ येताच ‘टिक-टिक’ आवाज जलद होतो. डोळ्यांनी शोधायची जागा अशा रीतीने कानांनी शोधता येते. गूगलच्या ‘लुकआउट’ या ॲपमध्ये खाद्यपदार्थांची वेष्टने ओळखण्याची सोय २०२० पासून आहे. या ॲपपर्यंत पोहोचण्यासाठी फोनच पडद्यावरील मजकूर वाचून दाखवू शकतो. अँड्रॉइडवर त्या सोयीला ‘टॉकबॅक’ आणि आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ म्हणतात.

ॲप काय सांगत नाही?

रेघांचा बारकोड ‘ही वस्तू कोणती’ एवढेच सांगतो. ती किती उरली, केव्हा फोडली, तिची मुदत कधी संपते, हे त्यातून कळत नाही. एकाच कंपनीच्या ताज्या आणि वर्षभर पडून राहिलेल्या बाटलीवर तोच क्रमांक असतो. शिवाय वस्तू यादीत नोंदलेली नसेल, तर ॲप नाव सांगू शकत नाही. कारंजा किंवा रिसोडच्या बाजारातून सुटी आणलेली तूरडाळ, तिखट वा गूळ यांवर बारकोडच नसतो.

चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड अधिक माहिती साठवतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती करून ३०० नामांकित औषधांवर असा कोड सक्तीचा केला. १ ऑगस्ट २०२३ पासून तो नियम लागू झाला. औषधाचे नाव, उत्पादक, तुकडी क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख एवढे तपशील त्यात अपेक्षित आहेत. पाकिटावर जागा नसल्यास हा कोड बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे. म्हणून औषध घेताना खोकेही मागून घ्यावे आणि औषध संपेपर्यंत जपावे. पाकीट कापून द्यायचे असल्यास मुदतीची तारीख असलेले टोक आपल्याकडे राहील, असे दुकानदारास सांगावे. दृष्टिबाधितांना माहिती मिळावी यासाठी खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरही क्यूआर कोड छापावा, असा सल्ला भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२३ मध्ये उत्पादकांना दिला आहे.

घरातील मांडणी आधी, फोन नंतर

सोयाबीन आणि तुरीच्या या जिल्ह्यात अनेक घरांत फवारणीची औषधे असतात. ती घरातील खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून दूर, कुलपात ठेवावीत. रिकाम्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ती कधीही ओतू नयेत. तशा बाटलीवरचा मूळ बारकोड ॲपला पाणीच सांगेल. वासावरून वा फोनच्या सांगण्यावरून त्यांची पारख करण्याची वेळच येऊ नये.

डोळ्यांच्या थेंबांना एक रबरबँड, कानाच्या थेंबांना दोन, अशी खूण ठरवावी. सकाळची औषधे एका डब्यात व रात्रीची वेगळ्या आकाराच्या डब्यात असावीत. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि ती कोणीही न सांगता बदलू नये. ॲप या व्यवस्थेची खातरजमा करते, तिची जागा घेत नाही. केवळ ॲपच्या उत्तरावर विसंबून औषध घेऊ नये. स्पर्शाची खूण आणि फोनचे उत्तर जुळले नाही, तर घरातील व्यक्तीला किंवा औषध दुकानदाराला विचारावे.

सराव कसा करावा?

पहिल्या आठवड्यात परिचित अशा पाचच वस्तू घ्याव्यात. खोली उजेडाची असावी. पाहणाऱ्याला गरज नसली तरी कॅमेऱ्याला ती असते. फोन टेबलावर कोपर टेकवून स्थिर धरावा आणि वस्तू सावकाश फिरवावी. पिशवीवर बारकोड बहुधा मागच्या शिवणीजवळ, खोक्यावर एखाद्या बाजूला किंवा तळाशी, तर बाटलीवर लेबलाच्या कडेला असतो. भाषेच्या यादीत मराठी आहे का ते पाहावे. नसल्यास समजेल ती भाषा निवडून बोलण्याचा वेग कमी करावा.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. चाचपडणाऱ्या हातातून फोन काढून घेऊ नका. ‘थोडे डावीकडे फिरवा’ एवढे सांगून थांबा. आपण दहा सेकंदांत करून दिलेल्या कामापेक्षा त्यांनी दोन मिनिटांत स्वतः केलेले काम अधिक मोलाचे असते.

ॲपने साथ दिली नाही, तर पुण्या-मुंबईतील मुलाला व्हिडिओ कॉलवर बाटली दाखवता येते. डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘बी माय आइज’ या विनामूल्य ॲपद्वारे २०१५ पासून स्वयंसेवक असे साह्य करत आहेत. मात्र अनोळखी व्यक्तीसमोर बँकेचे पुस्तक, आधार कार्ड किंवा आलेला ओटीपी कधीही धरू नये. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी आणलेले ‘मनी’ ॲप इंटरनेटविनाही चालते. ते नोटेचे मूल्य सांगते, नोट खरी की खोटी हे सांगत नाही.

एक गोष्ट विसरू नये. दृष्टी कमी होणे म्हणजे केवळ वय झाले, असे गृहीत धरून थेट फोनकडे वळू नये. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असून सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. काचबिंदू वेळेत कळल्यास उरलेली दृष्टी राखता येते. तेव्हा प्रथम नेत्रतपासणी, मग घरातील मांडणी आणि त्यानंतर फोन, हाच क्रम योग्य. या क्रमाने गेल्यास डब्यात काय आहे हे विचारण्यासाठी आजोबांना प्रत्येक वेळी कोणाची वाट पाहावी लागणार नाही.