भिंगाचा स्वभाव कसा ओळखावा?

नाट्यगृहातले दिवे मालवतात, रंगमंचावर एकच मंद झोत उरतो आणि नाटकातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग नेमका त्याच वेळी सुरू होतो. छायाचित्र घ्यायचे तर फ्लॅश वापरण्याची सोय नाही. नटाचे डोळे दिपतात, प्रेक्षकांचा रसभंग होतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तिथल्या प्रेक्षकांनी तर असा रसभंग मुळीच खपवून घेऊ नये! अशा वेळी छायाचित्रकाराला दोन गोष्टी हव्या असतात. एक, फारसा आवाज न करणारा कॅमेरा आणि दोन, भरपूर प्रकाश आत घेणारे भिंग. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात एसएलआर कॅमेऱ्यासारखा खटकन वर उडणारा आरसा नसतो, म्हणून तो शांत असतो. त्याला जोडण्यासाठी फार मोठ्या छिद्राची, म्हणजे ‘वेगवान’ भिंगे गेल्या शंभर वर्षांत तयार झाली.

या भिंगांविषयी छायाचित्रकार एखाद्या जुन्या स्नेह्याविषयी बोलावे तसे बोलतात. ‘याच्या चित्रात मृदू चमक आहे’, ‘त्याची पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळते’, ‘या भिंगाला स्वतःचा स्वभाव आहे’ वगैरे. या स्वभावापायी जुन्या भिंगांना मोठी किंमतही मोजली जाते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे प्रश्न पडायला हवा: हा स्वभाव म्हणजे भिंगाचा खरा गुणधर्म आहे, की नावाचा महिमा? तो तपासता येतो का?

तपासता येतो. त्यासाठी पाहायचे एवढेच, की प्रकाशाच्या एका बिंदूचे हे भिंग काय करते.

चौपट प्रकाश, आठपट दोष

भिंगाचे नाभीय अंतर भागिले त्याच्या छिद्राचा व्यास, म्हणजे एफ-क्रमांक. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटरचे असेल तर ते एफ/२ आणि पूर्ण ५० मिलिमीटरचे असेल तर एफ/१. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो. म्हणून एफ/२ ला जिथे १/१५ सेकंद लागतो, तिथे एफ/१ ला १/६० सेकंद पुरतो. हललेले चित्र आणि स्थिर चित्र यांत एवढाच फरक असतो.

मग सगळीच भिंगे एफ/१ ची का करत नाहीत? कारण गोलीय पृष्ठभागाची एक मूळची खोड आहे. भिंगाच्या मध्यभागातून जाणारे किरण आणि कडेजवळून जाणारे किरण एकाच ठिकाणी एकत्र येत नाहीत. साध्या बहिर्वक्र भिंगात कडेचे किरण भिंगाच्या अधिक जवळ मिळतात. याला गोलीय विपथन म्हणतात. त्यामुळे बिंदूच्या प्रतिमेभोवती पडणारा धूसर डाग छिद्राच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे त्याच रचनेत छिद्र दुप्पट केले की प्रकाश चौपट मिळतो, पण दोष आठपट होतो. वेगवान भिंगाची सगळी कथा या दोन आकड्यांत आहे.

हा दोष आवरण्यासाठी भिंगकारांनी वेगवेगळ्या काचांची, वेगवेगळ्या वक्रतेची अनेक भिंगे एकामागोमाग बसवली. मात्र हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर साध्या काचेतून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे ६ पृष्ठभाग असतील तर सुमारे ७८ टक्के प्रकाश पार जातो आणि १० असतील तर जेमतेम ६६ टक्के. उरलेला प्रकाश आतल्या आत फिरून चित्र फिकट करतो. लुडविग बेर्टेले यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्साइस कंपनीसाठी एफ/१.५ चे ‘सोनार’ भिंग रचले. त्यात त्यांनी काचा एकमेकींना चिकटवून हे पृष्ठभाग सहावर आणले. १९३५ साली त्याच कंपनीतले अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेप शोधला आणि पृष्ठभागांची ही काटकसर पुढे तितकीशी आवश्यक राहिली नाही. कॅननने १९६१ साली एफ/०.९५ चे भिंग आणले. लाइट्झ कंपनीने १९६६ साली एफ/१.२ च्या ‘नॉक्टिलक्स’मध्ये दोन अगोल पृष्ठभाग वापरले, तर १९७६ साली वॉल्टर मँडलर यांनी केवळ गोलीय पृष्ठभाग वापरून त्याची एफ/१ ची आवृत्ती रचली.

यांपैकी कोणीही सगळे दोष शून्यावर आणले नाहीत. कोणता दोष किती शिल्लक ठेवायचा, याची प्रत्येकाने वेगळी निवड केली. ही शिल्लक म्हणजेच भिंगाचा स्वभाव.

वर्गात करून पाहा

सुमारे ७ सेंटिमीटर व्यासाचे आणि २० सेंटिमीटर नाभीय अंतराचे हातभिंग घ्या. खोलीत अंधार करा. पाच-सहा मीटर दूर मोबाइलची विजेरी लावून तिच्यावर लाल जिलेटीन कागद बांधा. एकाच रंगामुळे रंगांचा घोटाळा टळतो. (या प्रयोगासाठी सूर्य वापरू नये.) आता काळ्या पुठ्ठ्याची दोन झाकणे करा. पहिल्याला मध्यभागी २ सेंटिमीटरचे भोक ठेवा. दुसरे झाकण म्हणजे ५ सेंटिमीटरची चकती. ती भिंगाच्या मधोमध चिकटवली की फक्त कडेचे कडे उघडे राहते. दोन्ही वेळा पांढऱ्या कागदावर सर्वांत रेखीव प्रतिमा कुठे पडते ते मोजा. कड्यातून येणारी प्रतिमा अर्धा ते पाऊण सेंटिमीटर अलीकडे पडलेली दिसेल.

आता दोन्ही झाकणे काढा आणि कागद हळूहळू पुढेमागे सरकवा. कागद नाभीच्या अलीकडे, भिंगाकडे असताना प्रकाशाच्या चकतीची कडा तेजस्वी दिसेल. कागद नाभीच्या पलीकडे नेला की मधला भाग तेजस्वी आणि कडा विरत गेलेली दिसेल. या दोन चकत्या विद्यार्थ्यांनी नीट पाहून चित्रित कराव्यात. पुढचे सगळे त्यांवर आधारलेले आहे.

चकतीचे वाचन

रात्री यवतेश्वरच्या घाटातून खाली साताऱ्याचे दिवे दिसतात. समजा, तिथे १ मीटरवर उभ्या असलेल्या मित्राच्या चेहऱ्यावर आपण ५० मिलिमीटर, एफ/१ चे भिंग जुळवले. मागचा प्रत्येक दिवा ३६ मिलिमीटर रुंदीच्या चित्रात सुमारे २.६ मिलिमीटरची चकती होऊन उमटेल. छिद्र एफ/१६ केले तर चकती ०.१६ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ ठिपकाच. धूसर भागाच्या या रूपाला जपानी भाषेतून आलेला ‘बोके’ हा शब्द जगभर रूढ झाला आहे. मराठी वाचकाला त्यावरून मांजरे आठवली तर नवल नाही!

या चकत्यांत चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चकतीची कडा. दूरच्या वस्तूची प्रतिमा फिल्मच्या किंवा संवेदकाच्या अलीकडेच तयार होते, म्हणून तिची चकती ‘नाभीच्या पलीकडची’ असते. गोलीय विपथन थोडे शिल्लक ठेवले असेल तर ही चकती कडेला विरते, शेजारच्या चकत्या एकमेकींत मिसळतात आणि पार्श्वभूमी मऊ वाटते. विपथन आवश्यकतेपेक्षा जास्त दुरुस्त केले असेल तर नेमके उलट होते. चकतीला तेजस्वी कड येते आणि मागचे गवत, फांद्या दुहेरी रेघांनी गजबजतात. मागे मऊ असणारे भिंग पुढच्या धूसर वस्तू मात्र कडक दाखवते. निसर्गात एका बाजूची सूट दुसऱ्या बाजूला वसूल होते.

दुसरी, चित्राच्या कोपऱ्यातला आकार. दोन बांगड्या एकामागे एक, चार बोटांच्या अंतरावर धरा आणि एक डोळा मिटून समोरून पाहा: एकच वर्तुळ. थोडे तिरपे पाहा: दोन्ही वर्तुळांतला सामाईक भाग उघड्या डोळ्याच्या आकाराचा. तिरप्या किरणांना भिंगाचा पुढचा आणि मागचा काठ असाच कापतो. म्हणून कोपऱ्यातल्या चकत्या निमुळत्या होतात आणि पार्श्वभूमी मध्याभोवती फिरल्यासारखी दिसते.

तिसरी, नाभीत नीट बसलेला पण कोपऱ्यातला दिवा. त्याला धूमकेतूसारखे शेपूट किंवा पक्ष्यासारखे पंख फुटले असतील तर तो कोमा हा दोष. ताऱ्यांची छायाचित्रे घेणाऱ्याला असे भिंग चालत नाही. नटाचा चेहरा टिपणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

चौथी, तेजस्वी बिंदूभोवतीचे वलय. नाभीतला बिंदू रेखीव, पण त्याभोवती फिकट प्रकाशाचा पदर, यालाच छायाचित्रकार ‘चमक’ म्हणतात. त्वचेच्या सुरकुत्या ती सौम्य करते. छापील अक्षरांचा ठळकपणा मात्र घालवते. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून भिंगाची परीक्षा घेण्याची पद्धत त्यामुळेच अपुरी पडते. त्यातून रेखीवपणा कळतो, पण वर्तमानपत्र सपाट असल्याने त्याच्या मागे-पुढे भिंग काय करते हे कळत नाही.

रेंजफाइंडरची अडचण

रेंजफाइंडर त्रिकोणमितीवर चालतो. दोन खिडक्यांतून एकाच वस्तूकडे पाहून, त्या दोन दिशांतल्या कोनावरून अंतर ठरते. लायकाच्या एम मालिकेत हा पाया सुमारे ७ सेंटिमीटर आहे. एफ/१ ला १ मीटर अंतरावर रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर जाडीचा असतो. डोळा रेखीव आला तर नाकाचा शेंडा धूसर होतो. त्यातून, गोलीय विपथन शिल्लक असलेल्या भिंगाचे छिद्र लहान केले की कडेचे किरण अडतात आणि नाभी किंचित मागे सरकते. चित्रातला रेखीव पट्टाही मग मागे जातो. डोळ्यांवर जुळवले आणि कान रेखीव आले, असे घडते. पारंपरिक रेंजफाइंडरमध्ये छायाचित्रकार भिंगातून पाहतच नसल्याने त्याला याचा पत्ता लागत नाही. म्हणून भिंगाची परीक्षा केवळ पूर्ण उघड्या छिद्रावर न घेता एफ/२, २.८ आणि ४ वरही घ्यावी.

स्वभाव की बुरशी?

जुने भिंग तपासताना आणखी एक दक्षता हवी. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. दमट हवेत बंद पिशवीत राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते, आतल्या काचांवर धुरकट थर जमतो. अशा भिंगाच्या चित्रातही ‘मृदू चमक’ दिसते! फरक ओळखणे सोपे आहे. विजेरीचा झोत भिंगातून तिरपा सोडावा; बुरशीचे जाळे किंवा धुके लगेच उजळते. शिवाय विपथनाची चमक एफ/४ पर्यंत बहुतेक नाहीशी होते, धुक्याची फिकटी मात्र छिद्र लहान केले तरी मागे उरते.

नावे झाकून परीक्षा

आता मूळ प्रश्न: हा स्वभाव पाहणाऱ्याला खरोखर दिसतो का? दोन भिंगे घ्यावीत. तिवईवरून, त्याच अंतरावरून, त्याच दिव्यात, त्याच एफ-क्रमांकाला दहा वेगवेगळ्या विषयांच्या जोड्या टिपाव्यात. प्रतींवरची नावे झाकून, क्रम नाणेफेकीने ठरवून पाहणाऱ्याला प्रत्येक जोडीत भिंग ओळखायला सांगावे. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे साडेपाच टक्के आहे. नऊ किंवा अधिक येण्याची सुमारे एक टक्का. अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे गणित स्वतः करू शकतील. कोणी नऊ ओळखली तर स्वभाव चित्रात आहे असे समजायला हरकत नाही. पाच-सहाच ओळखली, तर त्या पाहणाऱ्यापुरता तरी तो भिंगावर कोरलेल्या नावात आहे.

आज डिजिटल संवेदक मंद प्रकाशातही काम करतात, म्हणून केवळ प्रकाशासाठी एफ/१ घेण्याची निकड कमी झाली आहे. मोबाइलचा कॅमेरा तर पार्श्वभूमी गणिताने धूसर करतो आणि केसांच्या बटांशी अनेकदा फसतो. कासच्या पठारावरच्या चिमुकल्या दवबिंदू वनस्पतीसाठी हे महागडे भिंग निरुपयोगीच ठरेल, कारण रेंजफाइंडरची अशी भिंगे सहसा पाऊण ते एक मीटरच्या अलीकडे जुळतच नाहीत. तेव्हा ‘हे भिंग चांगले का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कशासाठी, किती छिद्रावर आणि किती अंतरावर, हे तीन शब्दप्रयोग त्याला जोडले की त्याचे उत्तर मोजून देता येते. त्यानंतर आवडीनिवडीला हवा तेवढा वाव आहेच.