काल केलेली सेटिंग आज कुठे गेली? दुकानातल्या कॉम्प्युटरचा विसराळूपणा असा थांबवा



सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर चालू केला. पहिलं गिऱ्हाईक समोर उभं. बिलाची प्रिंट दिली, तर तीन इंची रोलवर काहीच नाही आणि मागच्या मोठ्या प्रिंटरमधून ए-फोर कागद बाहेर! कालच तर पैसे देऊन सेटिंग करून घेतली होती. कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, तर तो म्हणतो, "साहेब, रिस्टार्ट करून बघा." अहो, रात्री बंद करून सकाळी चालू केल्यावरच तर हा घोळ झालाय!

व्हिडिओत हे भरभर सांगितलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मशीन उगाच विसरत नाही. एकतर सेटिंग कायमच्या जागी लिहिलीच गेलेली नसते, नाहीतर दुसरं कोणीतरी ती परत बदलत असतं. दर वेळी नव्याने सेटिंग करण्याआधी हे शोधा.

वरच्या उदाहरणात बदलणारा खुद्द विंडोजच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये "लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर" असा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर तुम्ही शेवटी जो प्रिंटर वापरला, तोच मुख्य ठरतो. रात्री तुम्ही स्टॉकचा रिपोर्ट ए-फोरवर काढला आणि घरी गेलात. झालं! सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन हा पर्याय बंद करा आणि मग बिलाचा प्रिंटर निवडून "सेट ॲज डिफॉल्ट" करा.

आता कागदाचा आकार. मसाला, पापड, लोणची विकणाऱ्या ताई मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात, कारण ५० बाय २५ मिलिमीटरचं स्टिकर निम्मं छापून येतं आणि अख्खा रोल वाया जातो. प्रिंट देताना जी खिडकी उघडते, तिथे बदललेला आकार बहुतेक वेळा तेवढ्यापुरताच असतो. प्रोग्रॅम बंद केला की गेला. कायमची जागा वेगळी आहे: प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा, ॲडव्हान्स्ड या टॅबमध्ये जा, खाली "प्रिंटिंग डिफॉल्ट्स" दिसेल. तिथे केलेलं सगळ्या युजरना लागू होतं. पण एखाद्या युजरने "प्रिंटिंग प्रेफरन्सेस"मध्ये आधीच स्वतःचा आकार टाकला असेल, तर त्याचं त्यालाच लागू राहतं. म्हणून दोन्हीकडे एकच आकार ठेवा.

झाडू मारताना यूएसबी वायर निघाली आणि मुलाने ती शेजारच्या खाचेत लावली, तरीही गोंधळ होतो. बऱ्याच स्वस्त प्रिंटरना स्वतःचा सिरियल नंबर नसतो. मग विंडोज त्याला नवीन प्रिंटर समजतं, यादीत "कॉपी १" दिसतं आणि तुमची सेटिंग जुन्या नावावरच राहते. उपाय फुकटचा आहे: वायरवर आणि खाचेवर एकाच रंगाची टेप चिकटवा.

वायफाय प्रिंटर असेल तर लाईट जाऊन आल्यावर राउटर त्याला वेगळा आयपी पत्ता देऊ शकतो. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो आणि स्क्रीनवर "ऑफलाइन" दिसतं. राउटरमध्ये "ॲड्रेस रिझर्व्हेशन" करून तो पत्ता प्रिंटरच्या नावे राखून ठेवायला सांगा.

आणि तारीख! ही मात्र हलक्यात घेऊ नका. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची, नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ तीच चालवते. आपल्याकडे रात्री मेन स्विच पाडून जायची सवय, त्यामुळे रात्रभर सगळा भार तिच्यावर. ती संपली की तारीख मागे जाते, ब्राउझर साइट उघडताना सर्टिफिकेटच्या चुका दाखवतो आणि तुमच्या जीएसटी बिलावर भलतीच तारीख पडते. बायोसमधली सेटिंगही मूळ स्थितीत जाते. बॅटरी बदलायला फार खर्च येत नाही. चुकीच्या तारखेची पन्नास बिलं निस्तरणं मात्र महागात पडतं.

कॉम्प्युटरवाला काम करून निघाला की लगेच पैसे हातावर ठेवू नका. त्याच्यासमोर आधी "रिस्टार्ट" करा. मग "शट डाउन" करून, बोर्डाचं बटण बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. दोन्ही का? विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. दोन्ही वेळा बिल आणि स्टिकर नीट निघालं, तारीख बरोबर दिसली, की पैसे द्या. आणि त्या सेटिंगच्या प्रत्येक स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी काउंटरवरचा मुलगासुद्धा फोटो बघून सेटिंग लावू शकेल.