पांढरं मांजर आणि दुपारचं ऊन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कानाच्या टोकाशी थोडी लाली येते. काही दिवसांनी तिथे कोंडा दिसतो, केस विरळ होतात, मग बारीक खपली धरते. ‘शेजारच्या बोक्याने ओरबाडलं असेल’ असं म्हणून घरचे सोडून देतात. खपली पडते, पुन्हा धरते. पांढऱ्या मांजरांत असं वर्षानुवर्षं चालू शकतं, आणि त्यातल्या काहींच्या कानाची ही जखम पुढे त्वचेचा कर्करोग ठरते. कॅलिफोर्नियातल्या मांजरांवर १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या मांजरांना या कर्करोगाचा धोका इतर रंगांच्या मांजरांपेक्षा सुमारे तेरापट आढळला होता. हा धोका बऱ्याच अंशी टाळता येतो. आड येतात ते काही पक्के बसलेले समज.

गैरसमज : अंगभर केस आहेत, मांजराला ऊन कसं बाधेल?

वस्तुस्थिती : पाठीवर, कुशीवर केस दाट असतात आणि तिथे ते चांगलं संरक्षण देतात. पण कानांच्या कडा, कान आणि डोळा यांच्यामधली विरळ केसांची जागा, पापण्या, ओठ आणि नाकाचा शेंडा हे भाग जवळजवळ उघडेच असतात. पांढऱ्या मांजराच्या त्वचेत गर्भावस्थेतच रंगपेशी पोहोचत नाहीत, त्यामुळे अतिनील किरण अडवणारं मेलॅनिन तिथे नसतं. नुकसान दरवेळी थोडं थोडं होतं आणि साचत जातं. म्हणूनच कर्करोग बहुधा उतारवयात दिसतो, त्याची सुरुवात मात्र कितीतरी आधी झालेली असते.

गैरसमज : धोका फक्त पूर्ण पांढऱ्या मांजरांना.

वस्तुस्थिती : अंगावर काळे-भगवे कितीही ठिपके असोत, कान पांढरे आणि नाक गुलाबी असेल तर त्या जागी धोका आहेच. उलट सयामी मांजराचं अंग फिकट असूनही ते बरंच सुरक्षित असतं. त्याच्या शरीरातलं रंग तयार करणारं विकर थंड भागांत जास्त काम करतं, त्यामुळे नेमके कान आणि नाक गडद होतात. तेव्हा अंगाचा रंग पाहण्यापेक्षा कानांच्या कडा आणि नाक पाहा.

गैरसमज : आमचं मांजर घरातच असतं.

वस्तुस्थिती : खिडकीची साधी काच त्वचा भाजणारे ‘यूव्हीबी’ किरण जवळजवळ पूर्ण अडवते, पण ‘यूव्हीए’ किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते. शिवाय आपल्याकडे किती घरांत खिडक्या दिवसभर बंद असतात? बाल्कनीला लावलेली जाळी मांजराला पडण्यापासून वाचवते, उन्हापासून नाही. मांजराची आवडती खिडकी असेल तर काचेला अतिनील किरण रोखणारी फिल्म लावता येते. उघड्या खिडकीला आणि बाल्कनीला दाट विणीचा पडदा किंवा बांबूची चिक लावावी.

गैरसमज : काळजी घ्यायची ती फक्त उन्हाळ्यात.

वस्तुस्थिती : मुंबई-पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी थेट डोक्यावर येतो. एकदा मेच्या मध्याच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस, म्हणजे ऐन पावसाळ्यात. ढग पातळ असतील तर अतिनील किरणांचा मोठा भाग त्यांतून खाली पोहोचतो. हिवाळ्यात तर मांजर स्वतःच ऊन शोधतं आणि गच्चीवर तासन्तास पसरून राहतं. जागतिक आरोग्य संघटना अतिनील निर्देशांक तीन झाला की संरक्षण घ्यायला सांगते, आणि महाराष्ट्रात स्वच्छ आकाश असेल तर डिसेंबरच्या दुपारीही तो तीनच्या वरच असतो.

गैरसमज : ‘ड’ जीवनसत्त्वासाठी मांजराला ऊन हवंच.

वस्तुस्थिती : माणसाच्या बाबतीत खरं, मांजराच्या बाबतीत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की मांजराची आणि कुत्र्याची त्वचा उन्हात पुरेसं ‘ड’ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ज्या पदार्थापासून ते तयार व्हायचं, तो मांजराच्या त्वचेत फारसा उरतच नाही. मांजराला ते मिळतं अन्नातून. उन्हात ते जातं उबेसाठी, आणि ऊब सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा घडी घातलेल्या गोधडीवरही मिळते.

गैरसमज : आपलं सनस्क्रीन थोडंसं लावलं तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं. माणसांच्या अनेक सनस्क्रीनमध्ये सॅलिसिलेट गटातली रसायनं असतात, आणि ती निकामी करण्याची यकृताची क्षमता मांजरात फार तोकडी आहे. झिंक ऑक्साइड वारंवार पोटात गेलं तर तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. म्हणून पशुवैद्यांनी मांजरासाठी म्हणून सुचवलेलंच सनस्क्रीन वापरावं, कानांच्या कडांना लावावं आणि ते वाळेपर्यंत मांजराला खाण्यात किंवा खेळण्यात गुंतवून ठेवावं. नाकावर लावलेलं क्षणात चाटलं जातं, तिथे सावली हाच उपाय. खोबरेल तेल आणि हळद यांनी ऊन अडत नाही.

गैरसमज : उन्हाळ्यात केस बारीक कापले की मांजराला बरं वाटतं.

वस्तुस्थिती : मग झाकलेली पाठही उघडी पडते. गुंता झाला असेल तर विंचरून सोडवावा. वैद्यकीय कारणासाठी केस काढावेच लागले तर ते वाढेपर्यंत मांजराला उन्हापासून दूर ठेवावं.

गैरसमज : कानावरची खपली म्हणजे भांडणाची जखम, नाहीतर लूत.

वस्तुस्थिती : दोन्ही शक्य आहे, म्हणूनच फसगत होते. लूतही कानाच्या कडेपासूनच सुरू होते. पण तिच्यात खाज प्रचंड असते, आणि योग्य उपचारांनी काही आठवड्यांत ती बरी होते. भांडणाची जखमही भरून येते. उन्हाने झालेली इजा पांढऱ्या कडांवरच दिसते, अनेकदा दोन्ही कानांवर, आणि परत परत येते. कड जाड होणं, आत वळणं, खपलीखाली रक्त दिसणं या खुणा दिसल्या तर घरगुती मलमांत वेळ घालवू नये. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम डॉक्टरांना दाखवावी. नक्की काय आहे ते त्वचेचा तुकडा तपासल्यावर कळतं.

हा कर्करोग आसपासची त्वचा पोखरत जातो, पण दूरच्या अवयवांत सहसा उशिरा पसरतो. त्यामुळे कानावर तो लवकर सापडला आणि रोगट टोक पूर्ण काढून टाकता आलं, तर मांजर बरं होण्याची शक्यता चांगली असते. कान आखूड झालेलं मांजर पुढेही मजेत जगतं. नाकावर आणि पापणीवर मात्र कापायला जागाच कमी असते, म्हणून तिथला उशीर फार महाग पडतो.

उलट दिशेची एक भीतीही दूर करायला हवी. भगव्या मांजरांच्या नाकावर, ओठांवर वयाबरोबर सपाट काळे ठिपके उमटतात. ते निरुपद्रवी असतात. ठिपका उंच झाला किंवा चिघळला, तरच तपासणी करावी.

मग करायचं काय? सकाळी दहा ते दुपारी चार मांजराची आवडती जागा सावलीत येईल असं बघा. मांजराला हटवत बसण्यापेक्षा पडदा ओढणं किंवा त्याची टोपली हलवणं सोपं. आणि महिन्यातून एकदा दोन्ही कानांचा आणि नाकाचा जवळून फोटो काढून ठेवा. रोजच्या पाहण्यात जो बदल लक्षात येत नाही, तो सहा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की दिसतो, आणि जखम कधीपासून आहे या डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावं लागत नाही.