एका कान्याची गोष्ट

घरातली सगळ्यांत जुनी वस्तू कोणती? कुणी तांब्याचा बंब दाखवील, कुणी आजीची अडकित्ता-पानसुपारीची पेटी. मला विचाराल, तर ती वस्तू म्हणजे हाक. ‘आई’ आणि ‘बाबा’ या दोन हाकांवर सारे घर उभे असते. मग एके दिवशी बाबांनीच मुलांना जवळ बसवून सांगितले, की आजवर मी पुरुष म्हणून वावरलो, पण मनाने मी स्त्री आहे आणि यापुढे तशीच राहणार आहे, तर त्या हाकेचे काय व्हावे?

इंग्रजी कुमारसाहित्याने हा प्रश्न धिटाईने हाती घेतला आहे. ज्यूली ॲन पीटर्स यांच्या ‘लूना’ (२००४) या अमेरिकन कादंबरीत दिवसा भाऊ आणि रात्री लूना होणाऱ्या भावंडाची कथा बहीण सांगते. सेरा हॅगर-होल्ट यांच्या ‘नथिंग एव्हर हॅपन्स हिअर’ (२०२०) या इंग्लंडमधल्या कादंबरीत ही गोष्ट थेट वडिलांची होते. इझीचे वडील ‘मी डॅनिएल’ असे घरात सांगतात. इझीची भीती अगदी साधी आहे. बाबा हरवतील का? आईबाबा वेगळे होतील का? शाळेत सारी काय म्हणतील? लेखिका या भीतीला हसत नाही, हे तिचे मोठेपण.

जेनिफर फिनी बॉयलन या अमेरिकन लेखिकेच्या घरी हे प्रत्यक्षच घडले. त्यांच्या मुलांनी ‘मॉमी’ आणि ‘डॅडी’ जोडून ‘मॅडी’ ही नवी हाक तयार केली. मोठ्यांचे कोडे मुलांनी असे सोडवले!

मराठीत अशी कादंबरी लिहायची, तर नुसत्या हाकेवर भागणार नाही. आपले क्रियापद काही लपू देत नाही. ‘बाबा आले’ की ‘बाबा आल्या’, हे वाक्यावाक्याला ठरवावे लागेल. अडचण खरी, पण लेखकाला हे घबाडच आहे. इंग्रजीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत फरकच नाही. आपल्याकडे बाबा एका सकाळी कामावर निघताना ‘येतो’ऐवजी ‘येते’ म्हणतील. एवढा एक काना गळेल आणि दारातल्या मुलीला सारे कळेल.

तिने काय उत्तर द्यावे? ‘लवकर या’ एवढे म्हटले तरी पुरे. त्या ‘या’ला स्त्रीपुरुष हा भेद ठाऊक नाही, वाट पाहणे तेवढे ठाऊक आहे.