रिपोर्ट नॉर्मल आला, तरी गोळी चालूच ठेवा

भाईंदर पूर्वेला दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "आमच्या दाराशी मिठागरं, मग आम्हाला थायरॉइड कसा काय?" प्रश्न वाजवी आहे. पण समुद्राच्या पाण्यापासून पिकवलेल्या मिठात आयोडिन अगदीच नाममात्र असते. ते कारखान्यात वरून मिसळावे लागते. देशात गलगंडाविरुद्धची मोहीम १९६२ साली सुरू झाली. आयोडिन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी मध्यंतरी २००० साली उठली होती, ती २००६ मध्ये पुन्हा आली.

गलगंड त्यामुळे आटोक्यात आला. मात्र आज शहरात जो थायरॉइड आढळतो, त्याचे कारण बहुधा वेगळेच असते. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते आणि तिचे काम हळूहळू मंदावते. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त. तेव्हा जास्त मीठ खाऊन हा आजार बरा होत नाही, रक्तदाब मात्र वाढतो. उपवासाच्या सैंधवात बहुधा आयोडिन मिसळलेले नसते, म्हणून रोजच्या आमटीभाजीला आयोडिनयुक्त मीठच बरे.

गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली असलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी शरीराच्या चुलीची आच सांभाळते. आच मंदावली की थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणे, थंडी सहन न होणे, पाळीत जास्त रक्तस्राव, उदासपणा. घरात याला "आळस" म्हणतात, आणि बाई स्वतःही तसेच समजते. आच भडकली की छातीत धडधड, हातांना कंप, भूक असून वजन घटणे. अशा वेळी ग्रंथीला आवरणाऱ्या गोळ्या, शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडिन असे उपाय असतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करते. या गोळ्या चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासून घ्यावे.

टी.एस.एच.चा आकडा वाढला म्हणजे ग्रंथी जास्त काम करते, असा पुष्कळांचा समज असतो. खरे उलटे आहे. टी.एस.एच. हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा हुकूम. काम होत नसले, की हुकूम मोठ्या आवाजात येतो.

मंदावलेल्या ग्रंथीसाठी जी थायरॉक्सिनची गोळी देतात, ती ग्रंथीला बरी करत नाही. ग्रंथीला जे बनवता येत नाही, ते बाहेरून पुरवते. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला उठवून बसवले. अर्क चालू राहिला आणि बाई पुढे २८ वर्षे जगली. आमच्याकडे मात्र रिपोर्ट नॉर्मल आला की बाटली कपाटात जाते. रिपोर्ट नॉर्मल आहे, तो गोळीमुळे! थायरॉक्सिन शरीरात बरेच दिवस टिकते, त्यामुळे बंद केल्यावर आठवडाभर काहीच जाणवत नाही आणि फसगत होते. काहींची गोळी पुढे कमी होते, थांबतेही. पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचे.

गोळी सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा निदान अर्ध्या तासाने. पहाटेची लोकल गाठायची धावपळ असेल, तर जेवणानंतर तीन-चार तासांनी, झोपताना घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्ततपासणी. बाटली ओलाव्यापासून जपावी, पावसाळ्यात विशेष.

गर्भवतीने तर ही गोळी कधीच परस्पर सोडू नये. सुरुवातीचे तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी तयार झालेली नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच मिळते. शिवाय गरज वाढते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्यावा. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन करायची तपासणीही मागून करून घ्यावी. दोष असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर बाळाची बुद्धी वाचते.