एमेट कर्वन

एमेट कर्वन हे आयरिश अभिनेते, नाटककार व पटकथाकार आहेत. स्पोकन वर्ड म्हणजे छापून वाचण्यापेक्षा श्रोत्यांसमोर म्हणण्यासाठी रचलेले लयबद्ध काव्य. या प्रकाराचा उपयोग त्यांनी नाटक व लघुपटांतून सामाजिक प्रश्न मांडण्यासाठी केला. 'हार्टब्रेक' ही त्यांची सर्वाधिक गाजलेली रचना होय.

कर्वन हे डब्लिनच्या नैर्ऋत्येकडील टाला या उपनगरातले. डब्लिनच्या श्रमिक वस्त्यांची बोली रंगभूमीवर आणणारे ते पहिले नव्हेत. शॉन ओकेसी यांनी ते १९२०च्या दशकातच केले होते. कर्वन यांनी त्या बोलीला रॅपचा ठेका दिला. म्हणूनच त्यांची रचना नुसती वाचली, तर तिचे निम्मे बळ हरवते. ती ऐकावीच लागते.

हार्टब्रेक

ही रचना प्रथम 'थिसिसपॉपबेबी' या नाट्यसंस्थेच्या 'रायट' या प्रयोगात २०१६ साली सादर झाली. पुढे दिग्दर्शक डेव्ह टायनन यांनी तिच्यावर लघुपट केला व तो २०१७च्या आरंभी आंतरजालावर प्रसिद्ध झाला. त्यात निवेदन स्वतः कर्वन यांचे असून नायिकेची भूमिका जॉर्डन जोन्स यांनी केली आहे. नायिकेला नाव नाही. कवी तिला 'यंगवन' म्हणतो. डब्लिनच्या बोलीत कोणत्याही तरुण मुलीला असेच म्हणतात. ती शाळकरी वयात आई होते आणि मुलाला वाढवते. रस्त्याने जाताना पुरुषांची शेरेबाजी तिच्या वाट्याला येते, तीही कवितेत आहे.

या कथेमागे एक घटनात्मक वाद होता. १९८३च्या सार्वमताने आयर्लंडच्या राज्यघटनेत आठवी दुरुस्ती झाली व गर्भाच्या जीविताचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीचा मानला गेला. परिणामी गर्भपातासाठी हजारो स्त्रियांना इंग्लंड गाठावे लागे. बेळगावचे माहेर असलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा २०१२ साली गॉलवे येथील रुग्णालयात मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही त्यांची गर्भपाताची विनंती नाकारली गेली होती. त्यानंतर ही दुरुस्ती रद्द करण्याच्या मागणीने जोर धरला. 'हार्टब्रेक' त्याच मागणीच्या बाजूने उभी राहते. मात्र तिची नायिका गर्भपात करत नाही, मूल जन्माला घालते. कायद्याची कलमे न उलगडता, त्या देशात स्त्री म्हणून वाढणे म्हणजे काय, एवढेच ती दाखवते. प्रचारकवितेत असा संयम क्वचितच आढळतो.

२५ मे २०१८ रोजीच्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. हे यश दीर्घकाळ चाललेल्या चळवळीचे होते. एका लघुपटाला त्याचे श्रेय देणे योग्य होणार नाही.

डब्लिन ओल्डस्कूल

२०१४ सालच्या या नाटकात सर्व पात्रे दोनच नट रंगवतात: कर्वन आणि इयन लॉइड अँडरसन. डीजे होऊ पाहणारा जेसन सुट्टीचे दिवस नशेत व नाचगाण्यात घालवत असतो. रस्त्यावर त्याला हेरॉइनच्या आहारी गेलेला, बेघर झालेला सख्खा भाऊ भेटतो. टायनन यांनीच दिग्दर्शित केलेला यावरील चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला. त्यातही या दोघांनीच भावांच्या भूमिका केल्या.